कमी खर्चात गेमिंग पीसी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की घरोघरी असेंबल्ड पीसीचा विषय निघतो आणि आमच्याकडची पत्रे वाढतात. या वेळची सगळी जागा त्याच प्रश्नांना दिली आहे. प्रत्येक पार्टचा भाव मुद्दाम छापलेला नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे दर इतके चढले आहेत, की अंक हातात पडेपर्यंत आकडा जुना होईल. त्याऐवजी एकूण रकमेतला कोणत्या पार्टचा वाटा किती असावा, ते सांगितले आहे.

प्रश्न: मुलाची बारावी झाली. त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचे आहे, जमल्यास नवे गेमही. मॉनिटर सोडून साठ हजार रुपये आहेत. दुकानदाराने 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड' असे कोटेशन दिले आहे. घ्यावे का? (एक पालक, सांगली)

या कोटेशनवर एक रुपयाही देऊ नका. त्यात आकडे आहेत, पण पार्टची नावे नाहीत. आय-७ म्हणजे कोणत्या पिढीचा? आय-७ ४७७० हा २०१३चा चार कोअरचा प्रोसेसर आहे. २०२२मध्ये आलेला आय-५ १२४००एफ सहा कोअरचा आहे आणि गेममध्ये त्याच्या कितीतरी पुढे जातो. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' हे वर्णन तर सर्वांत फसवे. ४ जीबी ही कार्डावरची मेमरी झाली, त्यावरून कार्डाची ताकद कळत नाही. २०१४चे जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळते आणि त्यावर आजचा कोणताही जड गेम नीट चालत नाही. दुकानदाराकडून सातही पार्टची कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून घ्या: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांची नावे सहसा गाळली जातात, म्हणून तीच आधी विचारा.

साठ हजारांची वाटणी साधारण अशी करा. ग्राफिक्स कार्डाला ३५ ते ४० टक्के, म्हणजे २१ ते २४ हजार. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून २५ ते ३० टक्के. रॅम आणि एसएसडीला वीस-बावीस टक्के. भाव चढलेले असतील तर हा वाटा वाढेल आणि तो कॅबिनेटच्या दिखाव्यातून काढावा लागेल. उरलेल्यात एसएमपीएस आणि कॅबिनेट.

या रकमेत रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड, किंवा आय-५ १२४००एफ आणि डीडीआर४ रॅमचा बी६६० अथवा बी७६० बोर्ड, या दोन्ही जोड्या योग्य आहेत. गेममध्ये त्यांच्यात फार फरक नाही, जी स्वस्त मिळेल ती घ्या. एच६१० बोर्डाने पैसे वाचतात, पण त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅमचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे नेता येत नाही. १२४००एफमधल्या 'एफ'चा अर्थ आतले ग्राफिक्स बंद. रायझन ५६००लाही आतले ग्राफिक्स नाही. दोन्हींना कार्ड लागतेच.

कार्डांत ८ जीबीचे आरएक्स ६६०० हा १०८० पी मॉनिटरसाठी आमच्या मते या किमतीतला सर्वांत चांगला सौदा आहे. ते १३२ वॅट घेते. रक्कम थोडी वाढवता आली तर आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० पाहा. आरटीएक्स ३०५० घेताना मात्र जपून. ८ जीबी आणि ६ जीबी ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डे आहेत. ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे, १२८ बिटऐवजी ९६ बिट. दुकानात दोन्हींना नुसते '३०५०' म्हणतात. ४ जीबीचे आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटच्या जुन्या बोर्डावर बसवले की आणखी मंदावते.

एएम५, म्हणजे एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा सॉकेट, घ्यावा का, असेही बरेच जण विचारतात. त्या सॉकेटला किमान २०२७पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि साठ हजारांत तो खर्च थेट कार्डाच्या वाट्यातून जातो. गेम कार्डावर चालतो. या रकमेला एएम४ (रायझन ५६००चा सॉकेट) किंवा १२४००एफ हेच बरे.

आणखी एक गोष्ट. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा-सोयी चालू लागतात. वरच्या सगळ्या बोर्डांवर ती सोय आहे, पण कधीकधी बायॉसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद असते. गेम उघडताना त्याबद्दल सूचना आली तर पार्ट खराब समजून दुकानात धावू नका.

प्रश्न: आता रायझन ५ ५६००जी घेऊन कार्डाशिवाय चालवायचे आणि वर्षभराने कार्ड घालायचे, हे शहाणपणाचे आहे का? (वाचक, परभणी)

वर्षभर खरोखर कार्ड घेता येणार नसेल तर हो. ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए फाइव्ह सेटिंग्ज उतरवून खेळता येतात. अट एकच: रॅमच्या दोन काड्या हव्यात, ८ आणि ८. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच काम भागवते. १६ जीबीची एकच काडी लावली तर तो रस्ता निम्मा होतो आणि गेमचे फ्रेम्स धाडकन पडतात.

पुढे कार्ड घातल्यावर मात्र ५६००जी हा ५६००पेक्षा कमी पडतो. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६००ची ३२ एमबी. शिवाय त्यावर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढीच मिळते. दोन-चार महिन्यांतच कार्ड घेणार असाल, तर ५६०० घ्या आणि तोवर कोणाचे तरी जुने कार्ड मागून वापरा.

प्रश्न: रॅम ३२००ची घेतली, सीपीयू-झेड (पार्टची माहिती सांगणारे सॉफ्टवेअर) १०६६ दाखवते. फसवणूक झाली का? (वाचक, इचलकरंजी)

नाही. डीडीआर रॅमचा आकडा तिथे निम्मा दिसतो, म्हणजे तुमची रॅम आत्ता २१३३वर चालली आहे. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग, चालू करा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). मग तिथे १६०० दिसेल. दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

प्रश्न: नवा पीसी ब्राउझिंगला उत्तम चालतो, पण गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत लाइट गेल्यासारखा बंद पडतो. ५६०० आणि आरएक्स ६६०० आहे. कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस आला होता. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. (वाचक, बार्शी)

संशय एसएमपीएसवरच घ्या. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसवरच्या लेबलमध्ये '+१२ व्ही' समोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३५-३६ अँपिअर असतात: १२ गुणिले ३६ म्हणजे ४३२ वॅट. कॅबिनेटबरोबर येणाऱ्यांवर बऱ्याचदा १४ ते १८ लिहिलेले आढळते. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले, बाहेर ४५० छापलेले असले तरी.

आता तुमची गरज मोजू. कार्ड १३२, रायझन ५६०० पूर्ण जोरात ७६ पर्यंत, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास. बेरीज २५० ते २६०. शिवाय कार्ड क्षणभरासाठी छापील आकड्याच्या बरेच वर उडी घेते. १९२ वॅटचा एसएमपीएस ते पेलू शकत नाही. तो संरक्षणासाठी बंद होतो हे तुमचे नशीब. सगळ्यांत संरक्षण नसते, आणि मग जाताना तो बोर्ड आणि कार्डही बरोबर नेतो.

नामांकित कंपनीचा ५०० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या, कार्डासाठी स्वतःची ६+२ पिनची वायर असलेला. '८० प्लस ब्राँझ' हे चिन्ह फक्त वीज किती वाया जाते ते सांगते, सुरक्षिततेची ती खात्री नव्हे. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेही पाहा. पाच वर्षांची हमी देणारा सहसा आतला माल बरा वापरतो.

जुन्या एसएमपीएसला ८ पिनची वायर नव्हती म्हणून दुकानात साटाची वायर जोडून ८ पिन करणारा कन्व्हर्टर लावला असेल, तर तो आजच काढा. साटाच्या जोडणीवर १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे ५४ वॅट. ८ पिनवर कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकते. अशा कन्व्हर्टरचे प्लास्टिक वितळते.

यूपीएसचाही हिशोब चुकलेला आहे. ६०० व्हीए म्हणजे सहसा ३६० वॅट. भिंतीतून तुमचा पीसी गेममध्ये तीनशेच्या आसपास घेणार आणि वर मॉनिटर, म्हणजे काठावरच. त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर चौकोनी लाटेची वीज देतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज सुरळीत ओढणारी रचना) असलेल्या काही एसएमपीएसना ती चालत नाही. लाइट जाताच यूपीएस शिट्टी वाजवतो आणि पीसीही बंद होतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस घ्या आणि तो गेम चालवून पाच मिनिटे बॅटरीवर तपासून घ्या. पण क्रम पक्का ठेवा: आधी एसएमपीएस, मग यूपीएस.

प्रश्न: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो पावसाळ्यात असे होतेच. (वाचक, सावंतवाडी)

होता कामा नये. प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, विजेतला खरखराट अर्थिंगमध्ये सोडण्यासाठी. अर्थिंग नसले की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण पुढे एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर तीच वीज जाण्यासाठी तुमच्याशिवाय दुसरी वाट उरणार नाही. चालू मॉनिटरची एचडीएमआय वायर अशा पीसीत घालताना पोर्ट जळू शकतात, तेही लक्षात ठेवा.

वायरमनला बोलावून सॉकेटमध्ये मोजायला सांगा. फेज ते अर्थ सुमारे २३० व्होल्ट आले पाहिजेत, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-चार. जुन्या घरात अर्थिंगची वायरच नसेल तर जमिनीत इलेक्ट्रोड पुरून ती ओढावी लागेल. त्यात कंटाळा करू नका. काही जण सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून 'काम झाले' म्हणतात. ते जिवावर बेतू शकते. मागे कुठे न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलट जोडले गेले, तर अख्खे कॅबिनेट २३० व्होल्टला येते.

प्रश्न: नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर जाते. गेममध्ये प्रोसेसर ८८ अंश दाखवतो. लिक्विड कूलर घेऊ का?

त्याने खोली थंड होणार नाही. हवेचा असो की पाण्याचा, कोणताही कूलर पार्टची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, म्हणून पार्टचे तापमान खोलीच्या वरच मोजायचे. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ७३च्या जवळपास असेल.

आधी पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. पाच-सात अंश अनेकदा तिथेच उतरतात. कॅबिनेटच्या पुढे काच असेल तर हवा आत येत नाही, जाळी हवी. पुढून आत ओढणारे १२० मिमीचे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढे पुरते. मग गेममध्ये फ्रेम्सची मर्यादा घाला. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्ड १४० फ्रेम्स काढत असेल, तर ती निम्मी मेहनत फक्त खोली तापवते. एवढे करूनही भागले नाही, तर उभ्या टॉवरचा चार हीट पाइपांचा साधा एअर कूलर घ्या. लिक्विडच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो आणि त्यात गळायला काही नाही.

घरातल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यातून पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार उडतात. खोली गार होण्याचा फायदा घ्या, पण पीसी झोताच्या बाजूला ठेवा. ब्लोअरने धूळ उडवताना पंखे बोटाने धरा. वाऱ्याने बेफाम फिरले की बेअरिंग जाते.

प्रश्न: घरी डेल ऑप्टिप्लेक्सचा छोटा आडवा पीसी आहे, आय-५ ६५००. त्यात कार्ड घालून काम भागेल? (वाचक, रत्नागिरी)

घरचाच असेल तर भागेल, मुद्दाम असा विकत घेऊ नका. एसएमपीएस डेलच्या खास आकाराचा असतो, बाजारातला बसत नाही, आणि त्याला कार्डासाठी वायर नसते. म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारे, कमी उंचीच्या पट्टीचे कार्ड लागेल: जीटीएक्स १६५० किंवा ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० ६ जीबी. त्यांचे लो-प्रोफाइल प्रकार मागा. काही छोट्या मॉडेलांच्या स्लॉटला पूर्ण ७५ वॅट मिळत नाहीत, त्यामुळे आधी मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा पाहा. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे या मशीनवर कार्डापलीकडे खर्च करू नका. कार्ड पुढच्या पीसीत नेता येईल.

प्रश्न: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले कार्ड स्वस्तात मिळते. घेताना काय तपासायचे? (वाचक, डोंबिवली)

चालू पीसीत लावून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती सांगणारे सॉफ्टवेअर) बरोबर न्या. एनव्हिडियाच्या जुन्या चिपचा बायॉस बदलून तिला 'जीटीएक्स १०५० टीआय' बनवलेली कार्डे बाजारात आहेत. जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे 'फेक' असे दाखवते. डोळ्यांनीही एक खूण दिसते. जीटीएक्स १००० मालिकेत अ‍ॅनालॉग आउटपुट नाही, म्हणून १०५० टीआयला निळा व्हीजीए पोर्ट दिसला की संशय घ्या. आरएक्स ५८० घेताना कोअरची संख्या वाचा. खऱ्यात २३०४ असतात. २०४८ दिसले तर ते प्रत्यक्षात ५७०च्या ताकदीचे आहे आणि भावही तसाच द्या.

मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारे सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटे चालवा. पडद्यावर ठिपके, रेघा, चौकोन आले की कार्ड परत. तापमान चढत-चढत स्थिर झाले पाहिजे, पंखे घरघरता कामा नयेत. नंतर एखादा खरा गेमही उघडा, कारण काही कार्डे फरमार्कमध्ये टिकतात आणि गेममध्ये अडखळतात. मायनिंगमध्ये वापरलेले कार्ड सरसकट वाईट नसते, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. तो खर्च भावातून वजा करा. एनव्हिडियाने जीटीएक्स १००० मालिकेला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर देणे २०२५मध्ये थांबवले, त्यामुळे १०६० आणि १०८० फार स्वस्त मिळाली तरच घ्या.

वॉरंटी उरलेली असेल तर मूळ जीएसटी बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळवून पाहा. नवा पार्ट घेतानाही 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' हे ऐकू नका. ते वाचवलेले पैसे कार्ड बिघडल्याच्या दिवशी पूर्ण किमतीने भरावे लागतात.

प्रश्न: सगळे पार्ट स्वतः जोडले. पंखे फिरतात, पडदा काळा. ५६०० आणि बी४५० बोर्ड आहे. (वाचक, मडगाव)

एचडीएमआय वायर बोर्डाच्या पोर्टमध्ये आहे का ते आधी पाहा. ५६००ला आतले ग्राफिक्स नाही, वायर कार्डातच हवी. नंतर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४+४ पिनची वायर. ती विसरली तरी पंखे फिरतातच. मग रॅम: दोन्ही काड्या काढून सोनेरी टोके खोडरबराने हलके पुसा, एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये टक् आवाज येईपर्यंत दाबा. तुमच्याकडच्या दमट हवेत हा दोष नेहमी सापडतो.

तरीही काळाच असेल तर बोर्डाचा बायॉस जुना असण्याची दाट शक्यता आहे. बी४५० बोर्ड २०१८पासूनचे आहेत आणि ५६०० हा २०२२चा. जुन्या साठ्यातला बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही. बोर्डामागे बायॉस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर कंपनीच्या साइटवरची फाइल फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घाला, मॅन्युअलमध्ये दिलेले नाव द्या आणि बटण दाबून धरा. पाच-दहा मिनिटे लाइट जाता कामा नये. बटण नसेल तर जिथून बोर्ड घेतला तिथे जुना रायझन लावून अपडेट करून मागा.

पडदा लागला की विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे बहुधा ६०वर बसलेला आढळेल.